‘ज्याअर्थी’पासून ‘त्याअर्थी’पर्यंत : जुन्या इंग्रजीतली उभयान्वयी अव्ययं कशी वाचायची

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी पुणे जिल्ह्यातल्या नदीकाठांवरून करंजाचं झाड जवळजवळ नाहीसं करून टाकलं होतं. कुऱ्हाड न लावता. एक्सेलच्या तक्त्यात.

झालं असं की माझा विषय नदीकाठच्या झाडांचा. गुंजवणी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी आज काय उभं आहे हे मी स्वतः फिरून मोजते. पण पूर्वी काय होतं हे कळायला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदी, प्रवासवर्णनं, अहवाल असं सगळं वाचावं लागतं. वाचायचं आणि प्रत्येक झाडापुढे लिहायचं : ‘सर्वत्र’, ‘काही ठिकाणी’, ‘दुर्मिळ’, ‘नाही’. अशाच एका जुन्या नोंदीत करंजाबद्दल एक वाक्य होतं. ते जसंच्या तसं देत नाही, पण त्याचा साचा असा होता : ‘देअर इज स्केअर्स अ स्ट्रीम बट हॅज इट.’

मला त्यात दोन ओळखीचे शब्द दिसले. ‘स्केअर्स’ म्हणजे दुर्मिळ. ‘बट’ म्हणजे पण. वाक्य लांब होतं, रात्रीचे अकरा वाजलेले, अजून चाळीसेक पानं बाकी. मी ‘दुर्मिळ’ लिहिलं आणि पुढे गेले.

त्या वाक्याचा खरा अर्थ : ‘ज्याच्या काठी ते झाड नाही, असा ओढा क्वचितच सापडेल.’ म्हणजे करंज जिकडेतिकडे होता. मी नेमकं उलटं नोंदवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तक्त्यात आता ‘तेव्हा दुर्मिळ, आज भरपूर’ असा फरक दिसायला लागला. फरक दिसला की आपल्याला कारण शोधायची खुमखुमी येते. मी दीड पान लिहिलं : लागवड, करंजतेलाचा वापर, काठावरच्या शेतीत झालेला बदल. संदर्भांसह. न घडलेल्या बदलाचं अतिशय मुद्देसूद स्पष्टीकरण. मॅडमनी (माझ्या गाईड) ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, “मूळ वाक्य दाखव बघू.” पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून मी जुनं इंग्रजी वाचताना नामांपेक्षा आणि क्रियापदांपेक्षा जोडशब्दांना जास्त घाबरते. अनोळखी नाम आलं की आपण शब्दकोश उघडतो. ‘बट’, ‘फॉर’, ‘सेव्ह’, ‘सिन्स’ हे शब्द पहिली-दुसरीपासून ओळखीचे, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही. आणि वाक्याचा अर्थ कोणत्या बाजूला वळणार हे तर तेच ठरवतात. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय आणि पुढे कुठल्याही विषयात शंभर वर्षांपूर्वीचं काही वाचणार आहात, त्यांच्यासाठी हा लेख. भाषाशास्त्र हा माझा विषय नाही, मी वनस्पतिशास्त्राची. त्यामुळे इथे वापरणाऱ्याचा अनुभव आहे, व्याकरणकाराचा अधिकार नाही.

आधी ‘व्हेअरॅज’ घेऊ, कारण तो मला पुस्तकात नाही, आमच्या मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर समजला.

सुट्टीत घरी आले होते. शेजारचे आबा वर्तमानपत्राचं एक कात्रण घडी करून खिशात घेऊन फिरत होते. भूसंपादनाची अधिसूचना होती. मला हाक मारून म्हणाले, “पोरी, तू एवढी शिकलीस, ह्यात ‘ज्याअर्थी’ तीन येळा आलंय, पण ह्ये सांगत्यात काय त्येच कळंना.” मी वाचलं. खरंच, पहिला परिच्छेद ‘ज्याअर्थी’, दुसरा ‘आणि ज्याअर्थी’, तिसरा परत ‘आणि ज्याअर्थी’, आणि मग खाली कुठेतरी ‘त्याअर्थी, आता’. मी म्हटलं, “आबा, वरचं सगळं प्रस्तावना आहे. ‘त्याअर्थी’च्या पुढं जे आहे तेवढंच सरकार करतंय.” त्यांनी बोट तिथे ठेवलं आणि पुढचं स्वतःच वाचलं.

हा साचा सरळ इंग्रजी कायद्यातून आला आहे. 1860 ची भारतीय दंड संहिता ‘व्हेअरॅज’ने सुरू होते. 1894 चा भूसंपादन कायदाही तसाच. तिथे ‘व्हेअरॅज’चा अर्थ ‘उलट’ किंवा ‘याविरुद्ध’ असा नाही. तिथे अर्थ आहे ‘अमुक गोष्ट अशी आहे हे लक्षात घेऊन’. असे चार ‘व्हेअरॅज’ येतील आणि मग ‘नाऊ, देअरफोर’ येईल, म्हणजे ‘त्याअर्थी, आता’. मुख्य क्रियापद तिथे असतं. 1894 चा कायदा गेला, त्याच्या जागी आलेला 2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, पण अधिसूचनेची ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ ही चाल तशीच राहिली. महाराष्ट्रात 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, राजभाषेचा कायदा 1964 चा. इंग्रजी कायद्याची भाषा मराठीत आणण्याचं मोठं काम या काळात झालं. त्याला आपण बोजड म्हणून हसतो खरं. पण ‘व्हेअरॅज’साठी ‘ज्याअर्थी’ ही जोडी मला अगदी नेमकी वाटते, कारण मराठीत ‘ज्याअर्थी’ म्हटलं की ऐकणारा ‘त्याअर्थी’ची वाट बघतो. इंग्रजी वाचणाऱ्याला ती वाट बघायची सवय लावून घ्यावी लागते.

आजच्या शोधनिबंधात मात्र ‘व्हेअरॅज’ जवळपास नेहमी तुलनेसाठी येतो : ‘अ’ गटात वाढ झाली, तर ‘ब’ गटात घट. त्यामुळे आजचे निबंध वाचून सरावलेला विद्यार्थी जुन्या ठरावात किंवा सनदेत ‘व्हेअरॅज’ बघतो आणि विरोध शोधत बसतो. तिथे विरोध नसतोच. जुना कागद असेल आणि वाक्य ‘व्हेअरॅज’ने सुरू होत असेल, तर आधी खाली जाऊन ‘देअरफोर’ शोधा आणि मग वर या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा शब्द : ‘फॉर’.

जुन्या इंग्रजी गद्यात, मग तो 1665 चा हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ असो, 1704 चं न्यूटनचं ‘ऑप्टिक्स’ असो की 1859 चा डार्विन, ‘फॉर’ हा उभयान्वयी अव्यय म्हणून सतत भेटतो. आपण त्याचं भाषांतर ‘कारण’ असं करतो आणि पुढे जातो. बहुतेक वेळा चालून जातं. पण ‘बिकॉज’ आणि हा ‘फॉर’ यांच्यात एक फरक आहे, आणि संशोधन करणाऱ्याला तो कळलाच पाहिजे.

समजा मी म्हटलं, ‘रात्री पाऊस झालाय, कारण रस्ता ओला आहे.’ रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला का? नाही. पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला. मग मी ‘कारण’ का म्हटलं? कारण (बघा, परत आलाच) ओला रस्ता हे पावसाचं कारण नाही, पाऊस झाला असं मी म्हणतेय त्याचं कारण आहे. तो पुरावा आहे. जुना ‘फॉर’ हे काम फार करतो : आधी विधान, मग ‘फॉर’, मग त्या विधानाचा आधार. ‘बिकॉज’चा ओढा त्या मानाने घटनेच्या कारणाकडे जास्त असतो.

मराठीत आपण दोन्हीकडे ‘कारण’ वापरतो, म्हणून फरक पुसला जातो. पण आपल्याकडे पुराव्यासाठी वेगळा शब्द आहे आणि तो रोजच्या बोलण्यात आहे. ‘ज्याअर्थी रस्ता ओला आहे, त्याअर्थी रात्री पाऊस झाला असणार.’ आमच्याकडे वेल्ह्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं सहज म्हणतात, “ज्याअर्थी अजून आली नाही, त्याअर्थी रद्द झाली.” हा निष्कर्ष आहे, गाडी न येणं हे रद्द होण्याचं कारण नव्हे. जुन्या ग्रंथातला ‘फॉर’ आला की मी आता वाक्य मनात उलटं करते आणि ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’मध्ये बसवून बघते. बसलं तर लेखक पुरावा देतोय. नाही बसलं आणि ‘म्हणून’मध्ये बसलं, तर कारण देतोय.

हा फरक किती दूर जातो बघा. समजा एखाद्या जुन्या अहवालात लिहिलंय की अमुक खोऱ्यात हिवताप फार असावा, ‘फॉर’ गावं ओस पडलेली दिसतात. घाईत वाचणारा नोंद करेल : ‘गावं ओस पडल्यामुळे हिवताप.’ लेखकाने फक्त एवढंच म्हटलं होतं की ओस गावांवरून त्याने हिवतापाचा अंदाज बांधला. त्याने हिवताप पाहिलेलाही नव्हता. एका माणसाचा अंदाज आपल्या तक्त्यात कार्यकारणभाव होऊन बसतो, आणि तिथून पुढे दुसरा कोणी आपला संदर्भ देतो. (हे वाक्य मी उदाहरणासाठी बनवलं आहे, कुठल्या अहवालातलं नाही. पण असे ‘फॉर’ तुम्हाला पावलोपावली भेटतील.)

आता परत त्या ‘बट’कडे, ज्याने मला फसवलं.

‘बट’चा मूळ अर्थ ‘पण’ नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्यूटन’ असा काहीसा शब्द होता आणि त्याचा अर्थ ‘बाहेर’. बाहेर, म्हणजे वगळून, म्हणजे खेरीज. ‘पण’ हा अर्थ नंतर पसरला. आणि गंमत म्हणजे आपला ‘खेरीज’ अरबी ‘खारिज’वरून आलेला, त्याचाही मूळ अर्थ ‘बाहेर’! एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन भाषा, पण वगळण्यासाठी दोघींनी वस्तू दाराबाहेर ठेवली. हे कळल्यावर जुना ‘बट’ मला कधी परका वाटला नाही. ‘ऑल बट वन’ म्हणजे एक खेरीज सगळे. ‘बट लिटल रेन’ म्हणजे पाऊस अगदी थोडाच. इथे ‘बट’ म्हणजे ‘केवळ’. आणि ‘नो’ किंवा ‘स्केअर्स’ याच्या मागोमाग आलेला ‘बट’ म्हणजे ‘जे नाही असं’ : ‘देअर इज नो व्हिलेज बट हॅज अ टेंपल’, देऊळ नाही असं गाव नाही. मराठीतही आपण दोन ‘नाही’ वापरूनच हे म्हणतो. फक्त इंग्रजीत दुसरा ‘नाही’ ‘बट’च्या पोटात लपलेला असतो.

‘सेव्ह’ची तर वेगळीच तऱ्हा. हा ‘वाचवणे’वाला ‘सेव्ह’ नाही. फ्रेंच ‘सोफ’वरून आलेला, अर्थ खेरीज. ‘डज नॉट ग्रो हिअर सेव्ह बाय द रिव्हर’, म्हणजे नदीकाठ सोडून इथे उगवत नाही. माझ्या विषयात अशा वाक्यात ‘सेव्ह’च्या पुढचा भागच मला हवा असतो. तो सुटला तर नदीकाठची नोंद ‘नाही’मध्ये जाते.

इथे मराठी आणि इंग्रजीच्या बांधणीत एक फरक आहे, तो आबांच्याच कात्रणाने दाखवला. ‘त्याअर्थी’ सापडल्यावर त्यांनी खालच्या परिशिष्टाकडे बोट नेलं. तिथे गट क्रमांकांची एक ओळ होती, त्यात त्यांचा गट. आबा दोन रात्री झोपले नव्हते ते त्या आकड्यामुळे. मी ओळ शेवटपर्यंत वाचली. शेवटी शब्द होता, ‘खेरीजकरून’. म्हणजे ते गट वगळले होते. मराठीत ‘खेरीज’, ‘सोडून’, ‘वगळता’ हे शब्द यादीच्या शेवटी येतात. आधी आकडे, मग सुटका. इंग्रजीत ‘सेव्ह’ किंवा ‘एक्सेप्ट’ आधी येतं आणि यादी नंतर. म्हणून मराठी कागद वाचताना ओळ संपेपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही, आणि इंग्रजी वाचताना तो एक छोटासा शब्द आला की तिथेच पेन्सिलने गोल करायचा, नाहीतर पुढची सगळी यादी चुकीच्या बाजूला जाते. आबांनी कात्रण परत घडी करून खिशात ठेवलं आणि दोन चहा सांगितले. “आणि ह्ये ‘परंतु’ काय?” असंही विचारलं. तेही सांगण्यासारखं आहे : कायद्यातला ‘प्रोव्हायडेड दॅट’ मराठीत ‘परंतु’ होतो, आणि त्या तुकड्याला ‘परंतुक’ म्हणतात. तिथे ‘परंतु’ हा विरोध नाही, अट किंवा अपवाद आहे. वरचा नियम कुठे लागू नाही ते तिथे सांगितलेलं असतं. ‘नॉटविथस्टँडिंग’चं मराठी ‘काहीही अंतर्भूत असले तरी’. इंग्रजीत हा शब्द लॅटिनच्या ‘नॉन ऑब्स्टान्ते’वरून बेतलेला, म्हणजे ‘आड न येता’. दोन नियम भांडले तर कोणाचं चालणार हे तो सांगतो.

आता खास आपली, मराठी माणसाची चूक. ‘लेस्ट’, ‘अनलेस’ आणि ‘अंटिल’.

‘लेस्ट इट रेन’ म्हणजे ‘पाऊस येईल या भीतीने’ किंवा ‘पावसात सापडू नये म्हणून’. मराठीत दुसऱ्या पद्धतीने सांगायचं तर ‘नये’ लागतंच. त्यामुळे आपण इंग्रजी लिहिताना ‘लेस्ट इट शुड नॉट रेन’ असं लिहून मोकळे होतो. म्हणजे ‘पाऊस न येवो याची भीती’, शेतकऱ्याचं वाक्य झालं! ‘लेस्ट’च्या आतच नकार आहे. तो मुळात ‘जेणेकरून कमी’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहातून आलाय, ‘लेस’ त्यात दडलेला आहे. ‘अनलेस’मध्येही तोच ‘लेस’. आणि ‘अंटिल’चं बघा : मराठीत ‘तो येईपर्यंत’ म्हणतो तसंच ‘तो येत नाही तोपर्यंत’ असंही म्हणतो, दोन्हीचा अर्थ एक. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यासारखं ‘अंटिल’बरोबर ‘नॉट’ लावलं की वाक्य फिरतं. लिहिताना ही चूक झाली तर परीक्षक हसेल आणि खोडेल. वाचताना झाली तर कोणालाच कळत नाही, हे जास्त वाईट. ‘लेस्ट’साठी मी ‘न जाणो’ वापरते : ‘छत्री घे, न जाणो पाऊस आला तर.’ आजीचा शब्द आहे, आणि त्यात नकार आपोआप योग्य जागी बसतो.

‘व्हेन्स’, ‘व्हिदर’, ‘देन्स’, ‘हिदर’ या मंडळींबद्दल मात्र निर्धास्त राहा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ते पाठ करावे लागतात, पण आपल्याला ते जन्मजात येतात. व्हेअर, देअर, हिअर : जिथे, तिथे, इथे. व्हेन्स, देन्स, हेन्स : जिथून, तिथून, इथून. व्हिदर, दिदर, हिदर : जिकडे, तिकडे, इकडे. इंग्रजीने हा नऊ खणांचा कप्पा मोडून जेमतेम तीन खण वापरात ठेवले आणि आपण सगळे ठेवले. ‘हेन्स’ शिल्लक राहिला तोही ‘म्हणून’ या अर्थाने, जसा आपला ‘यावरून’ जागा सोडून तर्काकडे गेला. ‘व्हेअरबाय’ म्हणजे ज्यायोगे, ‘व्हेअरइन’ म्हणजे ज्यात, ‘व्हेअरअपॉन’ म्हणजे ज्यावर किंवा त्यानंतर. ‘व्हेअर’च्या जागी ‘ज्या’ ठेवायचं, संपलं.

हे फक्त इंग्रजीचं दुखणं आहे असं वाटू नये म्हणून आपल्या घरातलं एक उदाहरण. इतिहासाच्या मैत्रिणीला जुन्या खरेदीखतांची बाड हाताळावी लागतात. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, त्याआधीचे आमच्या भागातले कागद मराठीत, बरेचसे मोडीत. लिपी आली तरी जोडशब्द अडवतातच. ‘मी अगर माझे वारस’ या शब्दांत हिंदीवर वाढलेला विद्यार्थी ‘अगर’ म्हणजे ‘जर’ समजतो. मराठीत ‘अगर’ म्हणजे ‘किंवा’. फारसीतला ‘जर’ आपल्याकडे येऊन ‘किंवा’ झाला. इंग्रजीत नेमकी अशीच उलथापालथ झाली होती : शेक्सपिअरच्या काळात ‘अँड’ (आणि त्याचं छोटं रूप ‘अॅन’) चक्क ‘जर’ या अर्थानेही वापरत. ‘सबब’ घ्या. कागदात ‘सबब हे खत लिहून दिले’ म्हणजे ‘म्हणून’. बोलण्यात ‘सबबी सांगू नकोस’ म्हणजे निमित्तं. त्याहून जुन्या पत्रांत ‘जे’ हा शब्द आजच्या ‘की’च्या जागी येतो : ‘कळले पाहिजे जे’. तो सर्वनाम समजून शोधत बसलं तर त्याचं नाम सापडत नाही.

मग अर्थ तपासायचा कुठे? लेखकाच्या काळाच्या जवळचा शब्दकोश बघा. अठराव्या शतकातल्या मजकुरासाठी जॉन्सनचा 1755 चा कोश नेटवर फुकट आहे. आपल्यासाठी त्याहून कामाचा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847 चा इंग्रजी–मराठी कोश, कारण त्यात त्या काळच्या इंग्रजीला त्या काळची मराठी दिली आहे. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी–इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळत असेल तर उत्तमच, त्यात कोणता अर्थ कोणत्या शतकात चालू होता हे क्रमाने दिलेलं असतं.

एक धोक्याची सूचना तंत्रज्ञानवाल्यांसाठी. आता आपण सगळं वाचत नाही, स्कॅन केलेल्या पुस्तकांत शब्द शोधतो. 1800 च्या आसपासपर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढलेला असायचा, हुबेहूब ‘एफ’सारखा. संगणकाला तो बऱ्याचदा ‘एफ’च वाटतो. त्यामुळे ‘लेस्ट’चा ‘लेफ्ट’ होतो, आणि तोही खराखुरा शब्द असल्यामुळे चूक डोळ्यात येत नाही. ‘सेव्ह’चा ‘फेव्ह’ होतो, ‘सिन्स’चा ‘फिन्स’. म्हणजे ‘लेस्ट’ शोधून काहीच सापडलं नाही तर लेखकाने तो वापरलाच नाही असं लिहू नका. ‘लेफ्ट’ही शोधा.

दुसरं, मजकुराचं विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी बिनमहत्त्वाचे शब्द गाळतात. एनएलटीके या पायथनच्या लोकप्रिय संचाची तयार इंग्रजी यादी उघडून बघा. त्यात ‘बट’ आहे, ‘फॉर’ आहे, ‘बिकॉज’, ‘अंटिल’, ‘व्हाइल’ आहेत, ‘नो’ आणि ‘नॉट’ही आहेत. कोणत्या पुस्तकात करंजाचा उल्लेख किती वेळा आला एवढंच मोजायचं असेल तर ठीक. पण ‘आहे’ की ‘नाही’ हे ठरवायचं असेल तर नेमका तोच सांधा प्रोग्रॅमने काढून टाकलेला असतो. मी रात्री अकरा वाजता केलं तेच तो सेकंदात हजार पानांवर करतो. माझ्या तक्त्यात आता एक जादा रकाना आहे : मूळ वाक्य, जोडशब्दासकट. वेळ खातो. पण मॅडमनी “मूळ वाक्य दाखव” म्हटलं की लॅपटॉप त्यांच्याकडे वळवता येतो.

सगळी जुनी पुस्तकं सारखीच छळतात असं नाही. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात आला. त्यातली वर्णनं तारेच्या भाषेत, तुटक. तिथे वाक्यच पुरं नसतं, मग जोडशब्द कुठून येणार! पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर (1885, तीन भाग) तर तासन्‌तास वाचावं असं आहे. जपायचं ते लांबलचक वाक्यं लिहिणाऱ्या साहेबांना, विशेषतः जे एका वाक्यात घाट चढून पलीकडे उतरतात त्यांना.

आणि आपल्या स्वतःच्या लेखनाचं? इतकं जुनं वाचलं की ते हातात उतरतं. माझ्या पहिल्या प्रकरणाच्या खर्ड्यात ‘अल्बीट’ तीनदा आला होता. ‘ऑल बी इट’, म्हणजे ‘असं असलं तरी’. शब्द गोड आहे आणि आजकालच्या निबंधांत पुन्हा दिसायलाही लागलाय. ‘हिदरटू’ दोनदा, ‘देअरऑफ’ एकदा. मॅडमनी सगळ्यांवर रेघ मारली आणि ‘दो’, ‘सो फार’ असं साधं लिहिलं. ‘सिन्स’वर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं : “तेव्हापासून की म्हणून?” एपीएची लेखनशैलीही हेच सुचवते, की ‘सिन्स’ आणि ‘व्हाइल’ वेळेसाठी ठेवा, कारणासाठी ‘बिकॉज’ आणि विरोधासाठी ‘व्हेअरॅज’ किंवा ‘ऑल्दो’ वापरा.

‘व्हेअरॅज’ एका ठिकाणी होता, ‘गुंजवणीच्या वरच्या भागात अमुक, तर खालच्या भागात तमुक’ अशा वाक्यात. तो तेवढा त्यांनी राहू दिला. करंजाचं दीड पान मात्र गेलं. आता त्या जागी एकच ओळ आहे : तेव्हाही सर्वत्र, आजही सर्वत्र.